चौथ्या बाजाराची मुदत

वर्तमानपत्र आलं की घरातली माणसं पहिलं पान मागतात. मी मागचं पान घेतो. तिथं खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत जाहीर नोटिसा असतात. अमुक गावचे अमुक मयत झाले असून त्यांच्या नावची जमीन वारस म्हणून अमुक यांच्या नावे लागणार आहे, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी, मागाहून तक्रार चालणार नाही. बायको विचारते, आपलं कोण आहे त्यात? मी मेलेल्या माणसाचं नाव तोंडातल्या तोंडात तीनदा म्हणतो आणि पान घडी करून ठेवतो.

ही सवय नागनाथअप्पांची. त्यांची एवढी एकच गोष्ट माझ्यापाशी उरली आहे. त्यांच्यापाशी जे होतं ते माझ्यामुळं गेलं. ते कसं गेलं हे लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात होतं, आणि दर वेळी मी काही ना काही कारण काढून उठून जात होतो.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या काही वर्षांत मी परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही. उर्दूत शिकलो होतो म्हणून नोकरी मिळाली होती, आणि ती अजून कायम झालेली नव्हती. माझ्या मेजावर विरासतीची प्रकरणं येत. म्हणजे खातेदार मेला की त्याची जमीन कोणाच्या नावे लावायची, हे. वारसाचा अर्ज आला की इश्तिहार, म्हणजे जाहीर नोटीस, निघे. तो उर्दूत असे, खाली कचेरीचा शिक्का. तो गावच्या चावडीवर चिकटवायचा आणि दवंडी द्यायची. दवंडीच्या दिवसापासून तीस दिवसांत कोणाचा उजर आला, म्हणजे हरकत आली, तर चौकशी व्हायची. नाही आला तर अर्जदाराचं नाव लागायचं आणि विषय संपायचा.

हे इश्तिहार घेऊन गावोगाव जाणारे चपराशी म्हणजे नागनाथअप्पा. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि तिच्यावरून तिरपा कचेरीचा पट्टा. पट्ट्यावरचा पितळी बिल्ला ते रोज राखेनं घासत. आवाज मात्र देहाला शोभेल असा नव्हता. बारीक, थोडा नाकातला. तरी चावडीपुढं उभं राहून त्यांनी साद घातली की गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलीपुढं बसलेली बाई हात थांबवायची.

भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गावात उर्दू वाचता येणारं माणूस सापडणं मुश्किल. शिवाय कागद ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवलेला, त्यामुळं संध्याकाळपर्यंत शेळ्या तो खाऊन टाकत. अप्पा म्हणायचे, "शेळीला उर्दू लय आवडती, मुनशीजी. आमच्या लोकायला आवडंना, त्याला काय करावं?"

म्हणून ते दवंडी देत ती त्यांच्या पद्धतीनं. आधी गावातल्या हलगीवाल्याकडून हलगी वाजवून घेत. माणसं जमली की पायातल्या वहाणा काढत. मग मेलेल्या माणसाचं नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारत आणि प्रत्येक वेळी थोडं थांबत, जणू उत्तर येणार आहे. कोर्टात पक्षकाराला तीनदा पुकारतात तसं. त्यानंतर सांगत की ह्या माणसाची जमीन आता अमक्याच्या नावावर व्हायलीय, कुणाचं काही म्हणणं असल तर मुदतीत या. नव्या गावात लोक हसत. बाया पदर तोंडाला लावत. मेलेल्याला कशापायी बोलावता, असं एकदा एका पाटलानं त्यांना विचारलं. अप्पा म्हणाले, ज्याची जमीन हाय त्याला आधी कळवावं लागतं.

ह्या पुकारण्यापायी एकदा मोठी गंमत झाली होती. एका पुतण्यानं मुंबईच्या गिरणीत गेलेला चुलता मेला म्हणून अर्ज केला होता. बरीच वर्षं त्याचं पत्र नव्हतं. अप्पांनी बाजारात उभं राहून त्याचं नाव पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या वेळी न्हाव्यापुढं बसलेला एक माणूस अर्धी दाढी केलेल्या तोंडानं उठला आणि ओरडला, "कोण बोंबलायलंय रे माझ्या नावानं?" तो आदल्याच दिवशी आगगाडीनं उतरला होता, आणि पुतण्याला तोंड दाखवण्याआधी दाढी करून घ्यावी म्हणून थांबला होता. अप्पा परत आले ते सरळ माझ्या मेजापाशी. कैफियत, म्हणजे दवंडी कशी झाली याचा जबाब, त्यांनी सांगायची आणि मी कागदाच्या पाठीवर उर्दूत लिहायची, असा आमचा शिरस्ता होता. काय लिहू, म्हणून मी विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "लिवा. मयत हजर हाय."

मी तसंच लिहिलं. तहसीलदारसाहेबांनी ते वाचलं तेव्हा त्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला होता. तसा आवाज त्या खोलीतून मी पुन्हा कधी ऐकला नाही.

कैफियतीच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. सुरुवातीला मी आपलं 'रीतीप्रमाणे दवंडी दिली' एवढं लिहून त्यांच्यापुढं सहीला कागद सरकवला, तर त्यांनी तो परत सरकवला. कोण कोण ऐकलं ते लिहा, म्हणाले. कोणत्या वक्ताला झालं ते लिहा. मेलेल्याची बायको घरात होती का रानात, लेक कुठं दिलेली आहे, तिला निरोप गेला का, ते लिहा. मग ते खाली मोडीत सावकाश सही करत, आणि सही झाल्यावर कागदावर फुंकर घालत. अर्जदाराच्या घरचं ते काही खात नसत. भाकरी आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून नेत आणि पाणीसुद्धा गावच्या आडाचं पीत.

त्यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचा दिवसांचा हिशेब. इश्तिहारावर तारीख असायची फसली सनाची. महिने आजूर, दै, बहमन असे. शेतकरी चालणार तिथीवर आणि बाजारावर. त्याला बहमनची एकोणीस काय कळणार? अप्पांना तिन्ही हिशेब तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी आजची फसली तारीख, तिथी आणि पुढचा बाजार किती दिवसांवर आहे ते सांगितलं असतं. कचेरीत कोणाला तारखेची शंका आली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडं न बघता अप्पांना विचारत. गावात ते तीस दिवस असं कधीच सांगत नसत. ते सांगत, चौथ्या बाजारापर्यंत या. चार बाजार म्हणजे अठ्ठावीस दिवस. उरलेल्या दोन दिवसांचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते नदीचे. पूर आला, माणूस अल्याड अडकला, तर त्याला दोन दिवस लागतेत."

म्हणून ते दवंडीही शक्यतो बाजाराच्या दिवशीच देत. माणसं गावात असतात, आणि मोजायला सोपं जातं.

आता कोथळवाडीचं सांगतो.

कोथळवाडी हे ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी लहानसं गाव. तिथला म्हसाजी नावाचा शेतकरी वारला. मागं बायको गयाबाई आणि लग्न झालेली एक मुलगी. मुलगा नाही. अकरा एकर काळी जमीन आणि भरल्या पाण्याची विहीर. म्हसाजीचा भाऊ लक्ष्मण यानं अर्ज केला की आम्ही दोघं भाऊ एकत्र होतो, जमीन माझ्या नावे लावा. खरं म्हणजे दोघे कधीच वेगळे निघाले होते, आणि ते अख्ख्या गावाला माहीत होतं. गयाबाईनं मुदतीत येऊन एवढं सांगितलं असतं आणि गावच्या चार माणसांनी हो म्हटलं असतं, तर जमीन तिच्याकडं राहिली असती. न सांगितलं तर ती दिराच्या दारची मजूर होणार होती. 

इश्तिहार माझ्याकडून निघाला आणि त्याच सुमारास जिल्ह्याहून मुआयना, म्हणजे तपासणी, येणार असल्याची खबर आली. मागच्या तपासणीत माझ्याकडं बाकी राहिलेल्या इश्तिहारांवरून मला लेखी समज मिळाली होती. आणखी एक समज मिळाली असती तर नोकरी गेली असती. मुआयना बुधवारी, आणि ताडकळसचा बाजार त्यानंतर चार दिवसांनी. बाकी सगळे कागद पुरे झाले होते. हा एकच राहिला होता.

मी अप्पांना म्हटलं, आजच कोथळवाडीला जाऊन या. त्यांनी सांगितलं की गाव सुगीला रानात पांगलंय, गयाबाई लेकीच्या बाळंतपणाला देवगावच्या बाजूला गेलीय, आज जाऊन भिंतीला ऐकवू का? बाजाराच्या दिवशी जाईन. मग मी ते केलं जे त्यांच्यासमोर कोणी कधी केलं नसेल. कैफियत आधीच लिहून काढली आणि म्हटलं, अप्पा, ह्याच्यावर सही करून ठेवा, तारखेची जागा मोकळी सोडतो, तुम्ही दवंडी देऊन आलात की तुमच्यासमोर तारीख घालू. ते नाही म्हणाले. मी हात जोडले. घरी पोटुशी बायको होती, तिचं नाव घेतलं.

ते बराच वेळ बिल्ल्यावरून अंगठा फिरवत बसले. मग त्यांनी सही केली. फुंकर घातली नाही.

"तारीख घालू नका बरं," ते म्हणाले. "आवाज झाल्याबिगर तारीख न्हाई."

बुधवारी तपासणीच्या साहेबांनी फाईल चाळता चाळता नेमका तोच कागद उघडला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. माझ्याकडं पाहिलंही नाही. मी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि त्यांच्यासमोर त्या दिवसाची तारीख घातली. त्यांनी पान उलटलं. एवढंच झालं. त्याला किती वेळ लागला असेल?

चार दिवसांनी बाजाराच्या सकाळी, गाड्या जुंपायच्या आधी, अप्पांनी कोथळवाडीच्या चावडीपुढं म्हसाजीचं नाव तीनदा पुकारलं. पंचांचे अंगठे घेतले. दुपारी ताडकळसच्या बाजारात पुन्हा पुकारलं. तेवढ्यावर न थांबता ते सेलूपर्यंत आगगाडीनं आणि पुढं चालत गयाबाईच्या लेकीच्या गावी गेले, स्वतःच्या रजेत. परत आले तेव्हा खुशीत होते. मला सगळं सविस्तर सांगितलं. गयाबाई घाबरून लगेच निघाली होती, बाळंतीण तर दोनच दिवसांची. अप्पांनी तिला थांबवलं. म्हणाले, घाई करू नको, लेकीचं नीट होऊ दे, चौथ्या बाजाराला कचेरीत ये, मी दारात उभा हाय.

"घातली का तारीख?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घातली.

पंचांच्या अंगठ्यांचा कागद मी फाईलला जोडला. त्यावर तारीख नसे. त्याच वेळी खरं सांगितलं असतं तर अप्पा त्याच पावली परत गेले असते आणि तिला घेऊन आले असते. दिवस होते. ते सगळे दिवस मी रोज कचेरीत गेलो. रोज अप्पांनी मला राम राम केला. मी मनाशी म्हणत होतो, आज सांगू, उद्या सांगू. मग म्हणू लागलो, ती येणारच नाही, बाया कुठं येतात. तिनं येऊ नये असं मी इच्छू लागलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

चौथ्या बाजाराच्या दिवशी गयाबाई आली. अप्पा दारात उभेच होते. त्यांनी तिला माझ्या मेजापर्यंत आणलं, मुनशीजी भले माणूस हायत म्हणून सांगितलं. तिनं पदराच्या गाठीतून अर्ज सोडून माझ्यापुढं ठेवला. कागदाप्रमाणे तो बत्तिसावा दिवस होता. मी अर्ज घेतला आणि त्यावर आलेल्या दिवसाची तारीख घातली. ती मात्र खरी घातली.

लक्ष्मणच्या वकिलानं पहिल्याच पेशीला मुदतीचा मुद्दा काढला. कोथळवाडीची अकरा माणसं आली होती. दवंडी बाजाराच्या दिवशी झाली असं त्यांनी एकामागून एक सांगितलं. तहसीलदारसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अप्पांना पुढं बोलावलं, कागद दाखवला आणि विचारलं, ही सही तुझी?

अप्पांनी कागद हातात घेतला. त्यांना उर्दू लिहायला जड जाई, वाचता मात्र चांगलं येत होतं. त्यांनी तारीख वाचली. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं.

"सही माझी हाय," ते म्हणाले.

सही केलीस तेव्हा दवंडी झाली होती का, असं साहेबांनी विचारलं. अप्पांनी माझं नाव घेतलं नाही. मी बाजाराच्या दिवशी पुकारलं आणि चौथ्या बाजाराला बाईला बोलावलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. साहेब वैतागले. म्हणाले, मग हा कागद खोटा, आणि तू आजवर आणलेले सगळे कागद खोटे, असं लिहू का? अप्पांनी कागद मेजावर ठेवला.

मग साहेब माझ्याकडं वळले. "मुनशी, लिखाई तुम्हारी है. कुछ कहना है?"

"जी नहीं," मी म्हणालो.

गयाबाईला उर्दू येत नव्हतं. ती आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहत होती. शेवटी तिनं अप्पांना विचारलं, "अप्पा, मी तर तुमी म्हणलात त्या दिशी आले की. काय चुकलं माझं?"

 

उजर मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. अप्पांवर चौकशी नेमायची होती, पण तिची वेळ आली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी पट्टा उतरवला, त्याची घडी केली आणि माझ्या मेजावर आणून ठेवला. बिल्ला तसाच लखलखीत होता. मला वाटलं ते आता बोलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तिला म्हणलो होतो, घाई करू नको," एवढं बोलून ते पायऱ्या उतरून गेले.

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली. वर दाद मागायची तर कचेऱ्या धड चालत नव्हत्या. मग फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, नवे साहेब आले. त्या वेळी मी जबाब देऊ शकत होतो. पुन्हा एकदा दिवस होते. पण तोवर माझी नोकरी कायम झाली होती, मुलगी झाली होती, आणि लक्ष्मणनं जमीन तिसऱ्याच माणसाला विकून टाकली होती. आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. मी समजावलेलं मला नेहमी पटत आलं आहे.

नवे साहेब आल्यावरच्या पुढच्या पावसाळ्यानंतर काही कामानिमित्त ताडकळसला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. गुळाच्या भेल्यांपलीकडून तो बारीक, नाकातला आवाज ऐकू आला आणि माझे पाय थांबले.

अप्पा चावडीच्या ओट्यापुढं उभे होते. अनवाणी. अंगावर पट्टा नव्हता, हातात कागद नव्हता. विभूतीचे पट्टे वाकडे ओढलेले होते. त्यांनी म्हसाजीचं नाव बापाच्या नावासकट पुकारलं आणि थांबले. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मग सांगितलं की ह्या माणसाची जमीन दुसऱ्याच्या नावावर व्हायलीय, कुणाचं काही म्हणणं असल त्यानं आजपासून चौथ्या बाजारापर्यंत कचेरीत यावं. कोणी लक्ष देत नव्हतं. बांगड्यांचं दुकान मांडलेल्या बाईला मी विचारलं, तर ती म्हणाली, ते दर बाजाराला येतेत, दर बाजाराला हेच सांगतेत. म्हणजे त्यांची मुदत दर आठवड्याला नव्यानं सुरू होत होती आणि चौथा बाजार कधीच येत नव्हता.

गर्दीतून गयाबाई आली. हातात खुरपं होतं. कोणाच्या तरी रानातून सरळ आली असावी. तिनं अप्पांना दंडाला धरून ओट्यावर बसवलं, लोट्यातलं पाणी दिलं.

"बसा आता, अप्पा," ती म्हणाली. "ऐकलं समद्यायनं."

पाणी पिता पिता त्यांना मी दिसलो.  त्यांनी लोटा खाली ठेवला. चेहऱ्यावर ती जुनी, दौऱ्यावरून आल्यावरची खुशी दिसली. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं, बसायला जागा केली आणि कैफियत सांगायला बसत तसे मांडी घालून बसले.

"लिवा, मुनशीजी," ते म्हणाले. "आवाज झाला. मयताची बायको हजर हाय. तारीख आजची घाला."

माझ्या खिशात पेन होतं. गयाबाई माझ्याकडं पाहत होती, अप्पा वाट पाहत होते. मी खिशाला हातही लावला नाही.